विश्लेषण : विमान बांधून झाले, मग उडवायला इतका वेळ का?

छत्रपती संभाजीनगर : कन्नडचा घाट उतरून चाळीसगावमार्गे धुळ्याला गेले की शहराजवळ गोंदूरची धावपट्टी लागते. मुंबईतील कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०२० मध्ये याच धावपट्टीवरून आकाशात झेपावले. वैमानिक अमोल यादव यांच्या या ‘टीएसी-००३’ला फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात प्रचंड गर्दी लोटली होती. मग मधली चार वर्षे गेली कुठे? नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. लाल फितीचा कारभार हे एक उत्तर आहेच, पण ते पूर्ण नाही.

‘प्रायोगिक’ विमान म्हणजे नेमके काय?

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, संशोधन विमान. ते विकण्यासाठी नसते, फक्त माहिती गोळा करण्यासाठी असते. अमेरिकेच्या ‘एक्स-१५’ची तीनच विमाने बनली. १९५९ ते १९६८ दरम्यान त्यांनी १९९ उड्डाणे केली. बी-५२ विमानाच्या पंखाखालून सुटायचे, काही मिनिटांत ध्वनीच्या कित्येक पट वेग गाठायचा आणि कोरड्या तलावाच्या पात्रावर उतरायचे, एवढेच काम. दुसरी, प्रोटोटाइप. ज्याचे पुढे उत्पादन करायचे आहे त्याचा पहिला नमुना. तिसरी, हौशी बांधणीचे विमान. अमेरिकेत अशा विमानात ‘एक्सपेरिमेंटल’ ही पाटी ठळक लावावी लागते आणि साधारण २५ ते ४० तासांची चाचणी उड्डाणे पूर्ण होईपर्यंत प्रवासी बसवता येत नाही.

चाचणीत करतात तरी काय?

आधी विमान जमिनीवर पळवतात. पहिल्यांदा सावकाश, मग उड्डाणाच्या वेगापर्यंत. ब्रेक तापतात का, नाक एका बाजूला ओढते का, हे पाहायचे. मग धावपट्टीवरच काही फूट उचलून पुन्हा टेकवायचे. पहिल्या खऱ्या उड्डाणात बहुतेक वेळा चाके आत घेतही नाहीत. वैमानिकाच्या मांडीवर ‘टेस्ट कार्ड’ असते. त्यावर जे लिहिले तेवढेच करायचे, अंगातली हौस धावपट्टीवर ठेवून जायचे.

पुढचा टप्पा सगळ्यात जिवावरचा. वेग आणि उंची पायरीपायरीने वाढवत नेतात. इथे खरी भीती ‘फ्लटर’ची. वादळात पत्र्याची पाटी फडफडते तसा ठरावीक वेगाला पंख थरथरू लागतो आणि ही थरथर वाऱ्यातूनच ताकद घेत वाढत जाते. काही सेकंदांत पंख तुटू शकतो. म्हणून प्रत्येक वेगाला विमानाला मुद्दाम हलका झटका देतात आणि कंप विरतो का ते सेन्सरवर पाहतात. विरला तरच पुढचा वेग. (इंजिनीअरिंगला व्हायब्रेशनच्या पेपरात डॅम्पिंगचा प्रश्न हमखास यायचा. तो कुणाच्या तरी जिवाशी निगडित आहे, हे तेव्हा कुणी सांगितले नाही.)

घाई केली तर?

६ मार्च २००९. ‘सारस’ या १४ आसनी देशी विमानाचा दुसरा प्रोटोटाइप बेंगळुरूजवळ बिडदी येथे कोसळला. त्या दिवशीच्या चाचणीत हवेत एक इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायचे होते. विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्पा, विंग कमांडर दीपेश शाह आणि स्क्वाड्रन लीडर इलायाराजा यांचा मृत्यू झाला. चौकशीत बोट ठेवले गेले ते इंजिन पुन्हा सुरू करण्यासाठी आखलेल्या चुकीच्या पद्धतीवर आणि त्यासाठीच्या अपुऱ्या उंचीवर. म्हणजे चूक आधी कागदावर झाली होती. त्याआधी १० जानेवारी १९७० रोजी ‘मरुत’च्या सुधारित आवृत्तीच्या अपघातात ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले. १९६१ मध्ये मरुतचे पहिले उड्डाण त्यांनीच केले होते. त्या विमानाची तयारीही सावध होती. जेट बनण्याआधी त्याच आकाराचे लाकडी ग्लायडर बांधून १९५९ पासून ते दुसऱ्या विमानामागे ओढत नेऊन तपासले गेले. ‘तेजस’चे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ चे, आणि हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती १ जुलै २०१६ रोजी.

मराठी माणसाचे यातले स्थान काय?

हा प्रश्न आला की व्हॉट्सॲपवर शिवकर बापूजी तळपदे येतात. १८९५ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याचा दावा आहे, पण त्याचा विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार या चर्चेत दिला जातो, त्यातील विमाने उडूच शकणार नाहीत, असे भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९७४ मध्ये गणिताने दाखवले.

फॉरवर्डच करायचे असेल तर विष्णू माधव घाटगे यांचे नाव करा. १९०८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हसूर येथे जन्म, जर्मनीतील गटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली पीएच.डी. त्यांनी ‘एचएएल’मध्ये रचलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले आणि भारतीय वैमानिकांच्या अनेक तुकड्या त्यावर शिकल्या. यात कोणतीही दंतकथा नाही, म्हणूनच बहुधा ते विस्मरणात गेले.

मग अडते कुठे?

यादव यांच्या कंपनीशी राज्य सरकारने फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’त पालघरमध्ये विमाने बनवण्याचा करार केला. आकडा ३५ हजार कोटींचा. तेव्हा ते विमान एकदाही हवेत गेलेले नव्हते! उड्डाण परवाना त्यानंतर वीस महिन्यांनी आला. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात साधा ब्रेक लिव्हर बदलला तरी चाचणी अहवालाशिवाय माल बाहेर पडत नाही. विमानाच्या बाबतीत मात्र आपण आधी टाळ्या वाजवल्या.

लष्करी विमानांच्या चाचण्यांसाठी बेंगळुरूला हवाई दलाची ‘एएसटीई’ ही संस्था १९७२ पासून आहे. आपल्याकडे नाशिकजवळ ओझरलाही ही शिस्त दिसते. तिथे बांधलेल्या पहिल्या ‘तेजस मार्क-१ए’ने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. रचना सिद्ध झालेली असली तरी कारखान्यातून निघणारे प्रत्येक विमान आधी चाचणी वैमानिकाच्या हाती जाते. तो उतरला की त्रुटींची यादी हँगरमध्ये येते आणि ती मिटल्याशिवाय विमान हवाई दलाकडे जात नाही. स्वतःच्या पैशाने विमान बांधणाऱ्याला ही यादी करून देणारा चाचणी वैमानिक, सेन्सर आणि मोकळी धावपट्टी एका ठिकाणी मिळेल अशी सोय राज्यात उभी करायची, तर गोंदूरची धावपट्टी तयारच आहे. ३५ हजार कोटींच्या तुलनेत तो खर्च किरकोळ ठरेल.