टपाची पन्हळ
मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली तेव्हा वर्तमानपत्रांना गहिवरून आलं. सावंतवाडीत मांगरात उभ्या असलेल्या याच गाडीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या फियाटच्या, मालकाला मात्र चिंता असते ती टपाची. इथला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि या गाडीच्या टपाला दोन्ही कडांनी पन्हळ. तिच्यात पाला कुजतो, पाणी साचतं आणि जिथे पत्र्यावर पत्रा स्पॉट वेल्डिंगने जोडलाय नेमका तिथेच आतून गंज धरतो. वरून दिसतात फक्त रंगाचे फुगे. स्क्रू-ड्रायव्हर टोचला की सरळ आत. मग कुणीतरी लांबी भरून, रंग मारून गाडी चकाचक करून देतो. एक पावसाळा निघतो, दुसऱ्यात फुगे हजर. गंजकं कापून नवा पत्रा जोडणं हाच खरा इलाज, पण टपाचा पत्रा पातळ आणि ऐसपैस. गॅसने एका दमात शिवण मारली तर तो लाटा धरतो. टाके लांबलांब, निवू देत मारायचे. अख्खा टप बदलायचा तर भंगारातल्या गाडीचा आणावा, पण पन्हळीतले टाके ड्रिलने सोडवून. खांब कापायच्या फंदात पडू नये: फियाटला वेगळी चासी नाही, सांगाडाच सगळा भार पेलतो, तो जरा हलला की दारं बसत नाहीत. आतून आधी रेड ऑक्साइड, मगच छताचं कापड. आणि हे सगळं दिवाळीनंतर. मिरगाच्या तोंडावर गाडी घेऊन येणाऱ्याला पेंटर नुसता हसतो.