राग खरा आहे, पण मधली जागा गेली कुठे?

भिशीत, बचत गटाच्या बैठकीत, नाहीतर बाजार समितीच्या फाटकाशी राजकारणाचा विषय निघाला, की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं. "सारे सारखेच, माय. कोनीबी येवो, आपल्याले कापूस येचाच लागते." हे बोलून बाई कामाला लागते. ऐकणाऱ्याला वाटतं, हिला राजकारणात रस नाही. तसं नाही. हा राग आहे, आणि वऱ्हाडात तो आजचा नाही.

अमरावतीच्या खासदारांची यादी नुसती डोळ्यांखालून घाला. १९८९ साली इथल्या मतदारांनी काँग्रेसला बाजूला सारून कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख यांना लोकसभेत पाठवलं. १९९१ मध्ये काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील, १९९६ मध्ये शिवसेनेचे अनंत गुढे, १९९८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई. नंतर १९९९ पासून २०१४ पर्यंत प्रत्येक वेळी शिवसेना. २०१९ मध्ये अपक्ष नवनीत राणा निवडून आल्या. पाच वर्षांनी त्याच भाजपच्या तिकिटावर उभ्या राहिल्या, तेव्हा काँग्रेसचे बळवंत वानखडे वीस हजारांच्या आतल्या फरकाने जिंकले. लाल, तिरंगी, भगवा, निळा, अपक्ष, पुन्हा तिरंगी. इतके रंग बदलणारा मतदार उदासीन कसा म्हणायचा? तो दर वेळी नवं दार ठोठावून पाहतो आहे.

अकोल्याचं चित्र वेगळं. तिथे २००४ पासून भाजपचे संजय धोत्रे चार वेळा निवडून आले आणि २०२४ मध्ये त्यांचे चिरंजीव अनुप. मग तिथे राग नाही का? आहे. पण तो विभागला गेला. काँग्रेस एकीकडे आणि प्रकाश आंबेडकरांचा पक्ष दुसरीकडे, असं तिथे वर्षानुवर्षं चाललं आहे.

राग कशाचा?

कारण शोधायला लांब जायला नको. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये क्विंटल ठरला, आणि हंगामात बाजार समितीत माल त्याच्या खाली विकला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, कापूस वेचणीला यायच्या तोंडावर, केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. बाहेरचा कापूस स्वस्त झाला, म्हणजे घरच्याचा भाव दबणारच. त्याआधी २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ मध्ये देशभर कर्जमाफी झाली. तरी गावात नवऱ्यामागे कर्ज आणि लेकरं सांभाळणाऱ्या बाया वाढतच गेल्या. पॅकेज दिल्लीचं, शुल्क दिल्लीचं, घोषणा मुंबईची. घरात मात्र हिशोब तिलाच करावा लागतो.

अशा वेळी आपल्या बोलीत, आपल्यासारखा चिडून बोलणारा माणूस जवळचा वाटतो. बच्चू कडू यांना अचलपूरने २००४ पासून चार वेळा आमदार केलं ते यामुळेच. अपंगांसाठी, शेतकऱ्यांसाठी त्यांनी केलेली आंदोलनं लोकांनी डोळ्यांनी पाहिली. पण पुढे ते राज्यमंत्री झाले, २०२२ मध्ये शिंदे गटाबरोबर गुवाहाटीला गेले, आणि २०२४ मध्ये अचलपूरनेच त्यांना घरी बसवलं. जून २०२५ मध्ये ते मोझरीला उपोषणाला बसले, ऑक्टोबरमध्ये ट्रॅक्टर घेऊन नागपूरचा रस्ता अडवला, तेव्हा माणसं पुन्हा जमली. म्हणजे राग नेत्यावरही निघतो आणि नेत्यामागेही जातो. तो कुणाच्या खिशात राहत नाही.

रागातून उभं राहिलेलं काम

रागातून काही चांगलं होतच नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यांना जुनी आठवण करून द्यायला हवी. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची सुरुवातही रागातूनच झाली. पण १९८६ मध्ये चांदवडला हजारो शेतकरी बाया जमल्या, आणि पुढे त्यातून दोन ठोस गोष्टी निघाल्या. एक, लक्ष्मीमुक्ती : घरच्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावाने सातबारावर चढवायचा. दुसरी, ग्रामपंचायतीत सगळ्या बायांचं पॅनेल. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर आणि आपल्या शेजारच्या यवतमाळमधलं मेटीखेडा ही गावं १९८९ मध्ये त्यासाठी गाजली. आरक्षण नंतर आलं!

अकोल्यातही तसंच घडलं. माळी, धनगर, बंजारा आणि इतर लहान-लहान समाज दलितांबरोबर आले, ज्यांना कुणी तिकीट देत नव्हतं त्यांना तिकीट मिळालं, आणि जिल्हा परिषदेत सत्ता आली. 'अकोला पॅटर्न' म्हणतात तो हाच. प्रकाश आंबेडकर १९९८ आणि १९९९ मध्ये अकोल्यातून खासदार झाले, त्याच्या मुळाशी ही खालून केलेली बांधणी होती. दोन्हीकडे रागाला बसायला जागा मिळाली. सातबारा, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद.

राजकारणातला मध्य म्हणतात, तो माझ्या लेखी हाच. दोन्ही बाजूंना गोड बोलणारा पुढारी म्हणजे मध्यममार्गी नव्हे. जिथे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसावं लागतं, ती जागा म्हणजे मध्य.

उदाहरण घ्या वान धरणाचं. अकोट, तेल्हारा, बाळापूर, दर्यापूर या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या ८४ खेडी योजनेला वानचं पाणी मिळालं. मग बाळापूरकडच्या ६९ गावांसाठीही तेच पाणी मागितलं गेलं. तेल्हाऱ्याचे शेतकरी म्हणाले, धरण सिंचनासाठी बांधलं, आमचं ओलित जाईल. योजनेला स्थगिती मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खारं पाणी घेऊन नागपूरकडे पायी निघाले, पोलिसांनी त्यांना अडवलं. यात खोटं कोण? कुणीच नाही. बाळापूरच्या बाईला पिण्याचं पाणी पाहिजे, तेल्हाऱ्याच्या बाईच्या वावराला पाणी पाहिजे. या दोघींमधला वाद मोर्चाने सुटणार नाही आणि स्थगितीनेही नाही. धरणात किती दलघमी आहे, कुणाला किती, कमी पावसाच्या वर्षी काय, हे मांडून बसावं लागेल. आपल्याकडे मोर्चा काढणारे मिळतात, स्थगिती देणारे मिळतात. मांडून बसणारे कमी झाले.

रिकाम्या खुर्च्या

आता आपल्या सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायांसाठी आहेत. विधानसभेत, लोकसभेत आपण मूठभर. निम्म्याने बसतो ती ही एकच जागा. आणि नेमकी तीच जागा रिकामी राहिली. अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. अमरावती जिल्हा परिषदेतही मार्च २०२२ पासून प्रशासक आला, अकोला जिल्हा परिषदेत जानेवारी २०२५ मध्ये. ओबीसी आरक्षणाचा, प्रभागरचनेचा वाद कोर्टात होता हे खरं. पण हजारो बायांच्या खुर्च्या रिकाम्या असताना एकाही पक्षाने त्यासाठी रस्ता अडवल्याचं आठवतं का?

त्याच काळात, ऑगस्ट २०२४ पासून, 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये थेट खात्यात येऊ लागले. ते पैसे कुणाच्या उपकाराचे नाहीत, आणि त्यांची चेष्टा करणाऱ्यांनी महिनाभर १,५०० रुपयांत घर सांभाळून दाखवावं. पण २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली, नावं गळू लागली, तेव्हा विचारायचं कुणाला? जिच्या दारात जाऊन "ताई, माझं नाव काहून गेलं?" म्हणायचं, ती नगरसेविकाच नव्हती. पैसा थेट आला आणि बोलणं मात्र थेट बंद झालं.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये २०१६ साली प्रस्थापितांविरुद्ध मतदान झालं, तेव्हाही मोठ्या पक्षांनी खालच्या माणसाचं ऐकणं सोडल्याची चर्चा झाली. त्यांचे प्रश्न वेगळे, पण ऐकणारा नाहीसा झाला की ओरडणारा मोठा होतो, हे सगळीकडे सारखं.

आणि एक खबरदारी. वर मध्य म्हटलं त्याचा अर्थ कुणीही कुणाशी जुळवून घेणं असा नाही. अकोट नगरपरिषदेत जानेवारी २०२६ मध्ये भाजप आणि एमआयएम एकाच आघाडीत आल्याची बातमी झाली, वरून डोळे वटारले गेले आणि ती आघाडी मोडली. प्रचारात एकमेकांच्या नावाने शंख करणारे निकालानंतर एका ताटात! "सारे सारखेच" म्हणणाऱ्या बाईला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा? खुर्चीसाठी झालेली जुळवणी आणि पाण्यासाठी झालेली तडजोड यांतला फरक आपल्याला ओळखता आला पाहिजे. पहिलीत आपण नसतोच. दुसरीत आपल्याला विचारल्याशिवाय काम होत नाही.

म्हणून राग गिळू नका, मैत्रिणींनो. त्याला कामाला लावा. खेड्यात असाल तर ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर उरकली जात असेल, तर बचत गटातल्या दहाजणी मिळून सरपंचांना तारीख विचारा. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, तेल्हारा अशा गावांत असाल तर निवडून आलेल्या नगरसेविकेला बोलवा. तिला, तिच्या नवऱ्याला नव्हे. सभेत आपल्या पाण्याचा, नालीचा, दवाखान्याचा विषय कधी निघाला, काय ठरलं, हे इतिवृत्तातून दाखवायला सांगा. ती पक्षाची कुठलीही असो. विरोधी गल्लीतल्या बायाही बरोबर घ्या, कारण नळ त्यांनाही त्याच टाकीतून येतो.

भाषणाला गर्दी करायला आपल्याला ट्रॉलीत बसवून नेतात. सभागृहात निम्म्या खुर्च्या आपल्या नावाने आहेत. तिथे बसून हिशोब मागायला लागलो, तर पुढच्या निवडणुकीत "सारे सारखेच" म्हणायच्या आधी कोण कसा वागला ते आपल्याला ठाऊक असेल.