व्हिडिओच्या धंद्यासाठी गेमिंग पीसी? आधी हिशोब करा!

रील, लग्नाचे व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती, असं एडिटिंगचं काम सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात या प्रश्नापासून करूच नका. आधी विचारा, माझं काम मशीनच्या कुठल्या भागावर चालतं?

गेममध्ये कार्ड प्रत्येक क्षणी नवं चित्र तयार करतं. साध्या एडिटिंगमध्ये मुख्य काम वेगळं असतं: कॅमेऱ्याने दाबून लहान केलेली फाइल उलगडायची आणि शेवटी पुन्हा दाबायची. यासाठी चिपमध्ये स्वतंत्र भाग असतो. इंटेलने २०११ मध्ये तो 'क्विक सिंक' नावाने प्रोसेसरमध्येच दिला. एनव्हिडियाने २०१२ मध्ये 'एनव्हेंक' कार्डात आणला. म्हणून गेममध्ये किती एफपीएस मिळतात, यावरून तुमचा व्हिडिओ किती वेळात एक्सपोर्ट होईल हे कळत नाही.

आता खरी गंमत बघा. आय-५ १२४०० आणि १२४००एफ, नावात फक्त एका अक्षराचा फरक. पण एफवाल्यात आतलं ग्राफिक्सच चालत नाही, म्हणजे क्विक सिंकही गेलं! थोडे पैसे वाचले म्हणून खूश होऊन घरी याल, आणि मग कार्ड घेणं भागच पडेल.

बरेच फोन आता एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये शूट करतात. जुन्या मशीनमध्ये त्याचा हार्डवेअर सपोर्ट नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि टाइमलाइन अडखळते. सॉफ्टवेअरही बघा, काहींच्या फुकट आवृत्तीत हा सपोर्ट अपुरा असतो. कॅन्व्हासारखं ब्राउझरमधलं काम अडकत असेल, तर आधी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का ते तपासा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

मग कार्ड कधीच घ्यायचं नाही का? असं नाही. थ्रीडी, भारी कलर ग्रेडिंग, भरपूर इफेक्ट्स अशी कामं हातात असतील तर जरूर घ्या. पण कामं हातात असतील तर!

समजा, गरज नसताना ३०,००० रुपये जास्त घातले. एका रीलमागे खर्च जाऊन ३०० रुपये उरत असतील, तर १०० रील्स फक्त ते पैसे फेडण्यात जाणार. वर हप्त्यावर घेतलं असेल तर व्याज वेगळं. ग्राहक तर तुमचं कार्ड विचारत नाही, तो विचारतो, "व्हिडिओ कधी देताय?"

म्हणून खरेदीला जाताना पेनड्राइव्हमध्ये स्वतःचं फुटेज न्या. दुकानदाराला ते तिथेच चालवून दाखवायला सांगा. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख हलतोय का ते बघा. हलत असेल तर हार्डवेअर काम करतंय.

आणि घरात जुनं मशीन असेल तर लगेच बदलू नका. प्रॉक्सी बनवा, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या फाइल्स. फायनल मात्र मूळ फुटेजमधूनच निघतं. पहिली दहा कामं अशीच काढा. मशीन नेमकं कुठे अडतं ते तेव्हा कळेल. मग तेवढ्याच भागावर पैसे घाला, आणि तेही कामातून आलेले.

तुमच्याकडे कुठलं मशीन आहे आणि काम कुठे अडतंय, कमेंटमध्ये नक्की लिहा.