मेंढरं सीमा ओलांडतात, लसीची नोंद मागेच राहते

कागल, निपाणी, चिकोडी भागातल्या धनगरांचे कळप चाऱ्यासाठी सीमेच्या अलीकडे-पलीकडे फिरतात. वाटेत जन्मलेली कोकरं मात्र दोन्हीकडच्या लसीकरणातून सुटू शकतात.

पावसाळ्याच्या तोंडावर हे महागात पडतं. कोवळ्या गवतावर ताव मारलेलं, कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू अचानक दगावतं. हा आंत्रविषार. उपचाराला वेळ मिळत नाही, म्हणून लस पावसाआधीच हवी. पहिल्यांदा देताना साधारण १५ दिवसांच्या अंतरानं दोन डोस लागतात. तोवर कळप पुढच्या राज्यात गेला, तर दुसरा डोस कोण देणार?

ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात व्रण आणि हगवण दिसली तर पीपीआरचा संशय घ्यावा. असं कोकरू लगेच वेगळं बांधावं आणि पशुवैद्यकाला बोलवावं. कोकरू तीन-चार महिन्यांचं झालं की पीपीआरची लस देता येते.

देशातून पीपीआर २०३० पर्यंत हटवण्याचं उद्दिष्ट आहे. कोल्हापूर आणि बेळगावच्या पशुवैद्यकीय यंत्रणांनी कळपांच्या लसीची माहिती एकमेकांना दिली नाही, तर सीमाभागातली कोकरं त्यातून सुटतील. रोग काही राज्य बघून येत नाही.