आजीबाईचा बटवा आणि आपला तोरा

'आजीबाईचा बटवा' हा शब्दप्रयोग मराठी सुशिक्षितांना फार प्रिय आहे. त्या नावाने पुरवण्यांत सदरे चालतात, पुस्तके निघतात, परदेशी निघालेल्या मुलाच्या सामानात सुंठ-ओव्याची पुडी कौतुकाने जाते. मात्र त्या बटव्याच्या मालकिणीला सत्तरीत कर्करोग झाला आणि केमो चालू असताना तिने गुळवेलीचा काढा उकळला, की त्याच घरात ती एकाएकी अडाणी ठरते. आमच्या स्टाफरूममध्येही असल्या काढ्यांची यथेच्छ टिंगल होते. टिंगल करणाऱ्यांनी त्या बाईला कधी काही विचारलेले असते काय?

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. काढ्याने कर्करोग बरा होतो असे आमचे म्हणणे नाही, आणि तसे सांगत फिरणाऱ्यांविषयी आम्हांला तिडीक आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे, तरी दावे थांबलेले नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या आजाराविषयी बोलताना हळद, कडुनिंब, लिंबूपाणी यांचा असा काही गौरव केला, की टाटा स्मारक रुग्णालयाच्या 262 आजी-माजी तज्ज्ञांना लोकांनी उपचार सोडू नयेत म्हणून पत्रक काढावे लागले. त्या बाईंची शस्त्रक्रिया झाली होती, केमोही झाली होती. लोकांच्या ध्यानात राहिले ते लिंबू.

पण भोंदूंना झोडपणे सोपे आहे. अवघड प्रश्न पुढे आहे. 2018 साली येल विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकी रुग्णांचे दोन अभ्यास प्रसिद्ध केले. रूढ उपचार टाळून केवळ पर्यायी उपाय करणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका पाचपटींहून अधिक आढळला. हे सर्वत्र उद्‌धृत होते. दुसरा अभ्यास रूढ उपचारांच्या जोडीला पूरक उपाय करणाऱ्यांचा. त्यांच्यातही धोका सुमारे दुप्पट दिसला. परंतु ही माणसे शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार यांपैकी काहीतरी नाकारण्याचे प्रमाण पुष्कळ अधिक होते, आणि तो नकार हिशेबात धरल्यावर उरलेला फरक ठामपणे सांगता येण्याजोगा राहिला नाही. म्हणजे शोध काढ्याचा नव्हे, नकाराचा घ्यायला हवा. नकार कोठे जन्मतो? आमच्या मते, जेथे बाईशी कोणी बोलतच नाही तेथे.

आपल्याकडे 'टाटाला नेले' एवढ्या दोन शब्दांत निदान कळते. तरीही 'आईला सांगू नका' ही मुलांची डॉक्टरांना पहिली विनवणी असते. फाईल मुलाच्या हातात, डॉक्टरांचे बोलणे मुलाशी, सही मुलाची. ती बाई शेजारच्या खुर्चीवर, पदर सावरून, आपल्याविषयीचे इंग्रजी ऐकत बसलेली. केमो कधी, 'शेक' किती, केस जाणार की राहणार, यांतले काहीच तिच्या हाती नाही. हाती उरतो तो गॅस, पातेले आणि चार पेले पाण्याचा एक पेला करण्याचा वकूब. साठ वर्षे घराची दुखणी तिने असेच करून काढली. आजार तिच्यापासून लपवणाऱ्यांनीच मग तक्रार करावी की आईने काढा लपवला, याला काय म्हणावे? सुसान सॉन्टॅग यांनी 1978 मध्ये, स्वतः कर्करोगातून जाऊन, रोगाच्या रूपकांतून रोग्यालाच दोषी ठरवणाऱ्या मनोवृत्तीवर लिहिले. आमच्या घरांत रूपकाचीही गरज पडत नाही. 'तुझ्याच हट्टाने झाले' असे सरळ सांगतात.

आणि ही लपवाछपवी धोक्याची आहे, म्हणून तर आमचा संताप. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केले, वाद असो. पण केमोची कित्येक औषधे यकृतातूनच जातात, तेव्हा डॉक्टरांना काढा ठाऊक असणे हा वादाचा विषय नाही. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गव्हांकुरांचा कच्चा रस जंतुसंसर्गाला वाट देऊ शकतो. आमटीतली हळद निराळी, तिच्या अर्काच्या तीव्र मात्रेच्या गोळ्या निराळ्या. हे तिला सांगितले तर समजते. कोणत्या काढ्यात किती पाणी आटवायचे हे जिला कळते, तिला मात्रा कळत नाही असे मानणे हा निव्वळ उर्मटपणा होय.

वनस्पती म्हटले की नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट जाता जाता. अंगणातली सदाफुली मधुमेहावर चालते या लोकसमजुतीमुळे 1950 च्या दशकात कॅनडात तिची तपासणी झाली. मधुमेहावर ती चालली नाही. पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या, आणि त्यातून व्हिनब्लास्टिन हे केमोचे औषध हाती आले. यावरून कोणी सदाफुलीची पाने चघळू नयेत, ती विषारी आहेत. मधल्या काळात मोजमाप झाले, चाचण्या झाल्या, हाच तर सारा फरक. पण लोकसमजूत तपासण्याआधी ती कोणाला तरी ऐकावी लागली होती.

डॉक्टरांना वेळ नसतो, असे उत्तर येईल. परळच्या पदपथांवर मुक्काम करणारे रुग्ण आम्हीही पाहिले आहेत. गर्दी खोटी नाही. मग परिचारिकेने विचारावे, समाजसेवा विभागाने विचारावे. केसपेपरावर तंबाखूची नोंद होते, तशी याचीही व्हावी. प्रश्न मराठीत असावा, मुलाकडे न पाहता तिच्याकडे पाहून विचारावा: "आजी, आमच्या गोळ्यांखेरीज घरी आणखी काय काय घेता?" आणि तिने 'गोमूत्र' म्हटल्यावर हसू नये. हसलात की पुढच्या खेपेला ती 'काही नाही' म्हणेल, आणि तेच केसपेपरावर लिहिले जाईल.