खोक्यावर वेग छापा : मोबाइलमधून संगणकात फायली उतरवण्याबाबत छायाचित्र व्यावसायिकांचे मागणीपत्र

प्रति,
१. मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली
२. मा. महासंचालक, भारतीय मानक ब्युरो, नवी दिल्ली
३. भारतात मोबाइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापन

विषय : मोबाइल व संगणक यांच्यात फायली कॉपी होण्याचा मंद वेग, त्याची कारणे व आमच्या मागण्या.

महोदय,

आम्ही लग्न, बारसे, गावची जत्रा, शाळेचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगांचे फोटो व व्हिडिओ करून पोट भरणारे लोक आहोत. कॅमेरा आजही आमचे मुख्य साधन आहे. पण बरेचसे काम आता मोबाइलवर आले आहे. हळदीची रील त्याच रात्री हवी असते. पाहुण्यांनी आपापल्या मोबाइलवर टिपलेल्या क्लिपाही फिल्ममध्ये घ्या, असा पार्टीचा आग्रह असतो. हे सगळे संगणकात उतरल्याशिवाय एडिटिंगला हात लावता येत नाही, आणि काम नेमके तिथेच अडते.

केबल लावली की मोबाइल नुसता चार्ज होऊ लागतो. वरची पट्टी खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते. कॉपी सुरू झाल्यावर उरलेला वेळ कधी बारा मिनिटे दिसतो, तर कधी दीड तास. मध्येच केबल जराशी हलली की ‘डिव्हाइस इज अनरीचेबल’ अशी चौकट येते. किती फायली उतरल्या आणि किती राहिल्या, हे ती चौकट सांगत नाही. मग दोन्हीकडचे फोल्डर उघडून आकडे जुळवत बसायचे. तोवर मोबाइलचा मालक गावी परतायच्या घाईने शेजारी उभा असतो.

आमची तक्रार केवळ गैरसोयीची नाही. ग्राहकाने पैसे मोजलेल्या वस्तूचा एक महत्त्वाचा गुण त्याच्यापासून झाकला जातो, असे आमचे म्हणणे आहे.

कारणे

पोर्ट. यूएसबी २.० हे मानक २००० सालचे. त्याची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदोपत्री ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ३० ते ४० मेगाबाइट पदरात पडतात. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० ने ही मर्यादा ५ गिगाबिटवर नेली. तरीही आज दुकानात मिळणाऱ्या अनेक नव्या मोबाइलमध्ये वेग २००० सालचाच आहे. २५६ जीबीचा भरलेला मोबाइल सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या गतीने रिकामा करायला दोन तास लागतात. ५ गिगाबिटच्या पोर्टवर सेकंदाला ४०० मेगाबाइट मिळाले, तर तेच काम अकरा मिनिटांत उरकते. चांगल्या मोबाइलमधली यूएफएस मेमरी याहूनही वेगाने वाचता येते. म्हणजे मेमरीसाठी दिलेला पैसा पोर्टपाशी वाया जातो.

टाइप-सी पोर्ट २०१४ साली आले. ते पाहून वेग कळत नाही. २०२३ सालच्या आयफोन १५ चे उदाहरण घ्या. साध्या आणि प्रो दोन्ही मॉडेलांना टाइप-सी आहे. पण साध्याचा वेग ४८० मेगाबिट, तर प्रोचा १० गिगाबिट. प्रोच्या खोक्यात मिळणारी केबल मात्र ४८० मेगाबिटचीच. कंपनीच्या तांत्रिक तपशिलात ही माहिती आहे. पण काउंटरवर उभ्या असलेल्या ग्राहकाला ती कोण सांगणार?

केबल. यूएसबी २.० च्या साध्या धड केबलचे आवरण सोलले तर आत चार तारा दिसतात : लाल व काळी विजेसाठी, हिरवी व पांढरी डेटासाठी. बाजारात अशाही केबल मिळतात ज्यांत लाल आणि काळी एवढ्याच असतात. त्यांनी मोबाइल चार्ज होतो, संगणकाला तो दिसतच नाही. ५ गिगाबिटसाठी तर तारांच्या आणखी जोड्या लागतात. बाहेरून या तिन्ही केबल सारख्याच दिसतात.

कॉपीची पद्धत. पूर्वी अँड्रॉइड मोबाइल पेन ड्राइव्हसारखा जोडला जायचा, पण तेवढा वेळ मोबाइलला स्वतःची ती मेमरी वापरता येत नसे. म्हणून एमटीपी ही पद्धत आली. जुनी पद्धत बदलण्यामागचे कारण आम्हाला मान्य आहे. मात्र एमटीपीत प्रत्येक फाइलसाठी संगणक विचारणार, मोबाइल उत्तर देणार, आणि मगच पुढची फाइल. त्यामुळे ४ जीबीचा एक व्हिडिओ सुरळीत उतरतो; तेवढ्याच वजनाचे हजारो छोटे फोटो मात्र रेंगाळतात. आयफोनवरून विंडोजवर घेताना ‘ऑटोमॅटिक’ पर्याय चालू असेल, तर एचईआयसी फोटो वाटेतच जेपीईजीमध्ये बदलले जातात आणि वेळ आणखी वाढतो. ‘कीप ओरिजिनल्स’ निवडले की हा फेरा टळतो. पण हा पर्याय सेटिंगच्या आत दडलेला आहे.

बिनतारी मार्ग. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत शेअरइट आणि झेंडर होती. गावोगावी लोक फायली त्यांवरूनच पाठवत. त्या निर्णयाविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण त्यानंतर सामान्य माणूस व्हॉट्सॲपकडे वळला, आणि तिथे फोटो साध्या पद्धतीने पाठवला की त्याची प्रत घसरते. असा फोटो मोठ्या अल्बमच्या पानावर टिकत नाही.

मागण्या

१. मोबाइलच्या खोक्यावर, जाहिरातीत आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर पोर्टचा डेटा वेग आकड्यात छापावा. चार्जिंगचे वॅट ज्या आकाराच्या अक्षरांत छापता, त्याच आकारात हेही छापा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूची गुणवत्ता, क्षमता व दर्जा जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. फ्रिजवर ऊर्जा बचतीचे तारे छापता येतात, तर पोर्टचा वेग छापण्यात अडचण काय?

२. प्रत्येक केबलवर वॅट आणि वेग दोन्ही उमटवलेले असावेत. डेटाच्या तारा नसतील तर ‘फक्त चार्जिंग’ असे केबलवरच लिहिणे बंधनकारक करावे. खोक्यात केबल दिली असेल, तर ती पोर्टच्या पूर्ण वेगाची असावी.

३. ज्या मोबाइलची जाहिरात ४के चित्रीकरणासाठी होते आणि ज्यात २५६ जीबी वा अधिक मेमरी असते, त्यात किमान ५ गिगाबिटचे पोर्ट असावे. एवढे साहित्य साठवण्याची सोय विकणाऱ्याने ते बाहेर काढण्याची सोयही दिली पाहिजे.

४. कॉपी तुटली तर पुन्हा जोडल्यावर ती तिथूनच पुढे सुरू व्हावी. शेवटी उतरलेल्या व राहिलेल्या फायलींची यादी दिसावी. सुरक्षेसाठी पहिल्यांदा परवानगी विचारणे योग्यच आहे. पण ओळखीच्या संगणकाला दिलेली परवानगी मोबाइलने लक्षात ठेवावी. मूळ फाइल हवी की बदललेली, हे कॉपीच्या वेळीच विचारावे.

५. कोणत्याही कंपनीच्या मोबाइलवरून कोणत्याही संगणकावर इंटरनेटशिवाय आणि मूळ प्रतीत फाइल जाईल, अशी बिनतारी सोय कंपन्यांनी मिळून द्यावी. ती मोबाइलमध्ये आधीपासूनच असावी. वेगळे ॲप शोधण्याची वेळ ग्राहकावर येऊ नये.

६. भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचे भारतीय मानक जाहीर केले. एकच पोर्ट असावे, या चर्चेत भर चार्जिंगवर राहिला. युरोपीय संघाचा २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलना लागू झालेला नियमही मुख्यतः चार्जिंगचाच आहे. भारताने एक पाऊल पुढे टाकून डेटा वेगाचे लेबल सक्तीचे करावे आणि बाजारातून केबल उचलून त्यांची तपासणी करावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर अशा तक्रारींची वेगळी नोंद ठेवावी.

आमची जबाबदारी

केवळ मागून आम्ही थांबणार नाही. आमच्या सभासदांच्या स्टुडिओत कोणीही आपली केबल व मोबाइल आणून वेग मोजून घेऊ शकेल. त्यासाठी पैसे घेतले जाणार नाहीत. या मोजण्यांची नोंद, मालकाचे नाव वगळून, आम्ही विभागाकडे पाठवू. पार्टीचा मोबाइल घेताना कॉपीला किती वेळ लागेल, हे आधीच सांगण्याचे बंधन आम्ही स्वतःवर घालून घेत आहोत.

पहिल्या दोन मागण्यांना नवे तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती थोडी शाई आणि खरे सांगण्याची तयारी. म्हणून त्यांबाबत हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे. उरलेल्या मागण्यांसाठी विभाग, ब्युरो, कंपन्या आणि वापरकर्ते यांची एकत्र बैठक बोलवावी. आम्ही आमच्या केबल आणि नोंदी घेऊन त्या बैठकीला येऊ.

कळावे,

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
तालुका छायाचित्र व व्हिडिओ व्यावसायिक संघटना