कुंडीतल्या वाटाण्याचा पोर्टफोलिओ

एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की महिन्याभरात कुणीतरी सांगतंच, ‘डिजिटल पोर्टफोलिओ करून ठेव.’ मग मुलं कॅन्व्हा उघडतात, रंगीत टेम्प्लेट निवडतात आणि दहावीपासूनची सर्टिफिकेटं स्कॅन करून चढवतात. वेबिनारचं, ऑनलाइन प्रश्नमंजुषेचं, वक्तृत्वातल्या उत्तेजनार्थ बक्षिसाचं. पान भरतं, पण या मुलाला नेमकं काय येतं ते काही कळत नाही.

आपल्याला काय येतं ते कसं दाखवावं, याचा उत्तम धडा नाशिककरांना घरातच मिळतो. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून परतले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही चित्रपट नव्हता. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले होते, छपाईचा व्यवसायही केला होता. पण तेवढ्यावर चित्रपटात पैसे कोण घालणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि दिवसामागून दिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. बी रुजतं, कोंब वर येतो, वेल चढत जातो, हे सगळं पडद्यावर काही क्षणांत दिसलं. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखली जाणारी ती छोटीशी फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्जाऊ पैसे द्यायला तयार झाले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. माझ्या मते मराठी माणसानं केलेला हा सर्वांत चोख पोर्टफोलिओ आहे: एकच काम, पण पहिल्या दिवसापासून दिसणारं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी संशोधन पद्धती आणि ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. म्हणजे कच्चा माल आयता हाताशी येतो. होतं काय, तर स्पायरल बाइंडिंग, सबमिशन, व्हायवा, की मामला संपला! समजा, भूगोलाच्या एखाद्या विद्यार्थिनीनं रामकुंडाच्या आसपास गोदाकाठी काम केलं. तिनं पोर्टफोलिओत ‘गोदावरीचा अभ्यास केला’ एवढंच लिहिलं, तर ते वाऱ्यावर गेलं. त्याऐवजी तिनं वहीतल्या नोंदीच्या एका पानाचा फोटो तारखेसह लावावा. पहिला नकाशा का चुकला आणि दुसऱ्यात काय बदललं, ते चार ओळींत लिहावं. गटात चौघं असतील, तर आपल्या वाट्याचं काम कोणतं होतं ते स्पष्ट सांगावं. हे शेवटचं फार कमी मुलं करतात आणि मुलाखतीत नेमकी तिथेच अडकतात.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तर याची गरज जास्त. १९८९ पासून नाशिकहून चालणाऱ्या या विद्यापीठात नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणारे अनेक जण आहेत. प्राध्यापकांशी रोजची गाठ नाही, त्यामुळे ‘मी या मुलीला ओळखतो’ असं शिफारसपत्र मिळणं अवघड. त्यांच्या वतीनं त्यांचं कामच बोलायला हवं.

साधनांची चिंता नको. गूगल साइट्स फुकट आहे, कोडिंग येणाऱ्यांना गिटहब आहे. मात्र कॉलेजनं दिलेल्या ईमेलवर पान बांधू नका. पदवी मिळाल्यावर ते खातं बंद झालं, तर पानही हातचं जातं. लिंक पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहा. समोरच्याला ‘परवानगी मागा’ अशी पाटी दिसली, तर बहुतेक लोक पुढे जातच नाहीत.

एका गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते. गुणपत्रिका, आधारची प्रत, घरचा पत्ता हे सगळं मुलं बिनदिक्कत उघड्यावर टाकतात. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये ठेवावी आणि मागतील त्यांनाच द्यावी. लासलगावच्या बाजार समितीत कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याशी तुम्ही बोललात, तर त्याचा चेहरा, नाव, कर्जाचा आकडा त्याच्या संमतीशिवाय तुमच्या पानावर येता कामा नये. त्यानं माहिती अभ्यासासाठी दिली होती.

आणि मराठीत केलेलं काम मराठीतच ठेवावं, वर इंग्रजीत पाच ओळींचा सारांश पुरे. सगळंच मोडक्यातोडक्या इंग्रजीत फिरवलं, की ज्या मुलीचं मराठी लेखन लखलखीत आहे तीच कागदावर कच्ची दिसते.

विभागप्रमुखांकडे माझी मागणी साधी आहे. पोर्टफोलिओ शेवटच्या सत्रात, प्लेसमेंटच्या आठवड्यात मागू नका. पहिल्या सत्रात संगणक कक्षाचा एक तास त्यासाठी राखून ठेवा, महिन्यातून एकदा शिक्षकांनी ती पानं उघडून वाचावीत आणि अंतर्गत गुणांत चुकलेल्या पहिल्या नकाशालाही जागा द्यावी. गुण फक्त देखण्या पानाला मिळाले, तर मुलं पुन्हा टेम्प्लेटच शोधत बसतील.